फ्रांस्वा ह्यूबर : गोठलेल्या पोळ्यातील ऊब

युरोपातील मधपाळांना हिवाळ्यानंतरचा पहिला उबदार दिवस जितका हवासा, तितकाच धास्तीचा वाटत आला आहे. त्या दिवशी मधपेटीचे झाकण उघडले जाते. आतून गुणगुण ऐकू आली तर नवे वर्ष सुरू झाले. तळाशी मेलेल्या माशांचा थर दिसला तर वसाहत गेली. उन्हाळ्यात चाळीस-पन्नास हजार माशांनी गजबजलेली वसाहत चार महिन्यांच्या थंडीत निःशब्द होते आणि पेटी उघडेपर्यंत त्याची वार्ताही लागत नाही. २००६-०७ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील मधपाळांच्या जवळजवळ एक तृतीयांश वसाहती अशा नष्ट झाल्या, तेव्हा हा विषय जगभरच्या वृत्तपत्रांत पोहोचला. मधपाळांना मात्र हे दुःख शतकानुशतके परिचयाचे होते.

थंडीने माशा मेल्या, हे या हानीचे सर्वांत सोपे उत्तर. ते अपुरे आहे. हिवाळ्यातील पोळे निद्रिस्त नसते, ते जागे असते, स्वतःची ऊब स्वतः निर्माण करते आणि त्यासाठी साठवलेला मध खर्च करते, हे प्रयोगांनी दाखवून देणाऱ्यांत जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ फ्रांस्वा ह्यूबर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. मधमाशीच्या जीवनाविषयी त्यांनी जे शोध लावले, त्यांतील बहुतेक आजही टिकून आहेत. आणि हे सारे शोध त्यांनी दृष्टी गमावल्यानंतर लावले.

मंद दिव्याच्या उजेडात

ह्यूबर यांचा जन्म २ जुलै १७५० रोजी जिनिव्हात झाला. जिनिव्हा तेव्हा स्वतंत्र प्रजासत्ताक होते आणि ह्यूबर घराणे तेथील सुस्थित, सुसंस्कृत घराण्यांपैकी एक. वडील झां ह्यूबर हे हौशी चित्रकार. कात्रीने कागद कापून छायाकृती करण्यात त्यांचा हातखंडा होता. जवळच फर्नी येथे राहणाऱ्या व्होल्तेअरची त्यांनी काढलेली चित्रे प्रसिद्ध आहेत. शिकारी पक्ष्यांच्या उड्डाणाचा अभ्यास करून त्यांनी त्यावर ग्रंथही लिहिला होता. निसर्गाकडे बारकाईने पाहण्याचा वारसा मुलाला असा घरातूनच मिळाला.

मुलाला वाचनाचे विलक्षण वेड होते. रात्री मंद दिव्याच्या उजेडात, तर कधी नुसत्या चांदण्यात तो वाचत बसे. पंधराव्या वर्षाच्या सुमारास प्रकृती ढासळली आणि दृष्टीही क्षीण होऊ लागली. वडिलांनी त्याला पॅरिसला नेऊन त्या काळचे नामांकित वैद्य त्रोंशँ यांना दाखवले. वैद्यांच्या सल्ल्याने पॅरिसजवळच्या स्तँ या खेड्यात तो शेतकऱ्यासारखा राहिला, त्याने नांगरही धरला. शरीर सुधारले, डोळे मात्र सुधारले नाहीत. नेत्रवैद्यांनी आशा सोडली आणि भरतारुण्यात अंधत्व अटळ असल्याचे स्पष्ट झाले.

याच काळात त्यांच्या जीवनात मारी-एमे ल्युलँ ही तरुणी आली होती. नृत्याच्या शिकवणीत दोघांची ओळख झाली आणि पुढे परस्परांना वचने दिली गेली. मारीचे वडील प्रजासत्ताकाच्या सर्वोच्च पदाधिकाऱ्यांपैकी एक. दृष्टी गमावत चाललेल्या मुलाला कन्या देण्यास त्यांनी साफ नकार दिला. मारीने वाद घातला नाही आणि आपला निश्चयही सोडला नाही. कायद्याने स्वतःचा निर्णय स्वतः घेता येईल असे वय, म्हणजे पंचवीस वर्षे, पूर्ण होईपर्यंत ती थांबली आणि १७७६ मध्ये तिने फ्रांस्वा यांच्याशी विवाह केला. सुमारे चाळीस वर्षांच्या संसारात ती पतीची वाचक होती, लेखनिक होती आणि प्रयोगांतील साक्षीदारही होती. मादाम द स्ताएल यांच्या ‘देल्फिन’ या कादंबरीतील अंध पती आणि त्याची पत्नी ही पात्रे याच दांपत्यावरून घेतलेली आहेत.

बर्नेन्सचे डोळे

ह्यूबर यांच्या सेवेत फ्रांस्वा बर्नेन्स नावाचा व्हो प्रांतातील एक शेतकरी तरुण होता. मालकाला पुस्तके वाचून दाखवणे हे त्याच्या कामांपैकी एक. रेओम्यूर यांचे कीटकांवरील ग्रंथ आणि जिनिव्हाचेच शार्ल बोने यांचे लेखन वाचून दाखवता दाखवता तोही त्या विषयात रमला. त्याचे प्रश्न नेमके असतात आणि निष्कर्ष काढण्यात तो घाई करत नाही, हे ह्यूबर यांच्या ध्यानात आले. त्यांनी रेओम्यूर यांचे जुने प्रयोग बर्नेन्सकडून पुन्हा करवून घेतले. त्याची निरीक्षणे ग्रंथाशी पडताळून पाहिली आणि खात्री पटल्यावर त्याच्यावर विसंबून नवे प्रयोग आखायला सुरुवात केली.

जिनिव्हाजवळच्या प्रेन्यी येथे ही जोडी वर्षानुवर्षे काम करत राहिली. काय पाहायचे, कोणत्या क्रमाने पाहायचे आणि कोणती शंका आधी दूर करायची हे ह्यूबर ठरवत. बर्नेन्स पाहून सांगे. सांगितलेल्यावर ह्यूबर उलटतपासणी करत, उत्तर डळमळीत वाटले तर प्रयोग पुन्हा होई. डोळस अभ्यासक जे पाहिले असे गृहीत धरतो, ते ह्यूबर यांना गृहीत धरता येत नव्हते. त्यांच्या कामाला लाभलेल्या काटेकोरपणाचे मूळ येथे आहे.

बर्नेन्सच्या चिकाटीचे एक उदाहरण पुरेसे आहे. काही कामकरी माशाही अंडी घालतात काय, या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी त्याने दोन पोळ्यांतील एकूण एक माशी बोटांत धरून तपासली. या कामाला अकरा दिवस लागले. डंख किती बसले असतील, याची कल्पना मधपेटी एकदा तरी उघडलेल्या माणसाला सहज येईल.

पुस्तकासारखे उघडणारे पोळे

त्या काळी युरोपात माशा बहुधा गवताच्या विणलेल्या टोपलीत ठेवत. टोपली उपडी असे आणि पोळी तिच्या आतल्या बाजूला चिकटलेली असत. आत काय चालले आहे हे पाहण्याची सोय नव्हती. मध काढायचा तर पोळी कापावी लागत. शरद ऋतू आला की मधपाळ टोपल्या उचलून त्यांचे वजन पाही. सर्वांत जड टोपली मधासाठी आणि सर्वांत हलकी टोपली हिवाळा काढणार नाही म्हणून, अशा दोन्ही प्रकारच्या वसाहती गंधकाच्या धुरीने मारल्या जात. मधल्या वजनाच्या टोपल्या पुढच्या वर्षासाठी राहत आणि त्यांतील किती जगतील हे नशिबावर सोडले जाई.

ह्यूबर यांनी १७८९ च्या सुमारास वेगळीच रचना योजली. लाकडी चौकटी एकमेकींना बिजागरीने जोडलेल्या, प्रत्येक चौकटीत एक पोळे. ग्रंथाची पाने उलटावीत तशा या चौकटी उलटता येत आणि प्रत्येक पोळ्याच्या दोन्ही बाजू पाहता येत. हे ‘पानांचे पोळे’ निरीक्षणासाठी तयार झाले असले, तरी माशांना न मारता मध काढता येतो आणि एका वसाहतीच्या दोन करता येतात, हेही त्यातून दिसून आले.

या साधनाच्या बळावर अनेक जुने वाद मिटले. राणीमाशीचा नराशी संयोग पोळ्यात होत नाही, ती त्यासाठी बाहेर आकाशात झेपावते, हे त्यांनी सिद्ध केले. हा संयोग सुमारे तीन आठवड्यांहून अधिक लांबला तर ती राणी पुढे केवळ नरांची अंडी घालते, हेही त्यांना आढळले. बोने यांना लिहिलेल्या पत्रांच्या रूपात ही निरीक्षणे १७९२ मध्ये ग्रंथबद्ध झाली. पुढे त्यांनी माशांना कोंडून केवळ मध व पाणी दिले आणि तरीही त्यांनी मेण तयार केल्याचे दाखवले. मेण परागकणांपासून बनते ही जुनी समजूत त्यामुळे मोडीत निघाली. या शोधाचा व्यवहारातील अर्थ मोठा होता. पोळी कापून नेली की ती पुन्हा बांधण्यासाठी माशांना मधच खर्च करावा लागतो आणि तो हिवाळ्याच्या शिदोरीतून वजा होतो.

हिवाळ्यातील पोळे

कडाक्याच्या थंडीत माशा बधिर होऊन पडतात, अशी समजूत त्या काळी विद्वानांतही होती. एकटी माशी थंडीत बधिर होतेच, त्यामुळे संपूर्ण वसाहतीविषयीही तसेच मानणे स्वाभाविक होते. ह्यूबर यांनी भरलेल्या पोळ्यात तापमापक ठेवून पाहिला. बाहेर पारा गोठणबिंदूच्या कित्येक अंश खाली असताना आतील तापमान रेओम्यूर मापावर २४ ते २५ अंश, म्हणजे आजच्या सेल्सियस मापावर सुमारे ३० ते ३१ अंश भरले. अशा उबेत कोणी बधिर होत नाही. वसाहत जागी होती.

पुढच्या संशोधनाने या चित्रात भर घातली आहे. थंडी वाढली की माशा पोळ्यांच्या मधोमध दाटीवाटीने गोळा होतात. बाहेरच्या थरातील माशा अंग चोरून, डोके आत करून बसतात आणि त्यांच्या शरीरांचेच एक आवरण तयार होते. आतल्या माशा पंख न हलवता उड्डाणाचे स्नायू थरथरवतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. अंडी-अळ्या असतील तर गाभ्याचे तापमान ३४-३५ अंशांच्या आसपास राखले जाते, नसतील तर ते बरेच खाली येऊ दिले जाते. माशा संपूर्ण पेटी गरम करत नाहीत, आपला घोळका तेवढा गरम ठेवतात. ही यंत्रणा ह्यूबर यांच्या काळी उकललेली नव्हती, मात्र तिचा पहिला धागा त्यांच्या तापमापकाने हाती दिला.

ऊब निर्माण करायची तर इंधन हवे, आणि ते इंधन म्हणजे मध. थंड प्रदेशात एका वसाहतीला हिवाळा काढण्यासाठी सर्वसाधारणपणे पंधरा ते वीस किलो मध लागतो. साठा संपला तर थंडी सौम्य असली तरी वसाहत मरते. रिकाम्या घरांत डोकी खुपसून मेलेल्या माशा दिसल्या, की मधपाळ ओळखतो की ही उपासमार होती. संख्या कमी पडली तर मध असूनही घोळका स्वतःला गरम ठेवू शकत नाही, शेजारच्या पोळ्यावरील मधापर्यंत पोहोचू शकत नाही. हिवाळ्यात गेलेली वसाहत अनेकदा शरदातच गेलेली असते, ती यामुळे. थंडी केवळ हिशेब पुरा करते.

दुसरा प्रश्न हवेचा. हजारो जीव एका बंद पेटीत, दार बोटभर, तरीही आतील हवा विषारी कशी होत नाही? जिनिव्हाचे शास्त्रज्ञ झां सेनेबिए यांच्या साहाय्याने ह्यूबर यांनी पोळ्यातील हवेचे परीक्षण केले. ती बाहेरच्या हवेइतकीच जवळजवळ शुद्ध निघाली. दार बंद केले की मात्र ती झपाट्याने बिघडे आणि माशा गुदमरून पडत. दाराशी ओळीने उभ्या राहून पंख हलवणाऱ्या माशा हवा खेळती ठेवतात, असे त्यांनी दाखवून दिले. थंडीत घोळका मध खातो तेव्हा वाफही निर्माण होते. ती बाहेर पडली नाही तर थंड छताला लागून थेंब बनते आणि माशांवर गळते. ओलसर वसाहत कोरड्या वसाहतीपेक्षा थंडीला लवकर बळी पडते. म्हणूनच हिवाळ्यासाठी पेटी बांधताना ऊब राखणारा मधपाळ हवेची वाटही मोकळी ठेवतो.

शरद ऋतूतील चोर

हिवाळ्याच्या शिदोरीवर माणसाखेरीज इतरही टपलेले असतात. पाठीवर कवटीसारखी आकृती असलेला एक मोठा पतंग शरदात रात्री पोळ्यांत शिरून मध पिऊन जातो. जिनिव्हा परिसरात या पतंगांचा उपद्रव वाढला तेव्हा ह्यूबर यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. माशांनी मेण आणि झाडांचा चिकट राळ एकत्र करून दारातच भिंत उभारली होती. तिच्यात ठेवलेल्या फटी एक-दोन माशांनाच जाता येईल एवढ्या होत्या, पतंगाला मात्र वाट उरली नव्हती. पुढे मधाचा हंगाम येऊन ये-जा वाढली, की माशा ही भिंत स्वतःच पाडून टाकत. ज्यांना केवळ अंध प्रेरणेचे जीव मानले जाई, ते प्रसंग ओळखून बांधकाम बदलतात, या निरीक्षणाने ह्यूबर स्वतः फार प्रभावित झाले.

उत्तरायुष्य

१७९५ मध्ये बर्नेन्स त्यांच्याकडून निघून आपल्या गावी परतला. तेथे पुढे तो परिसरातील प्रतिष्ठित दंडाधिकारी झाला. ह्यूबर यांनी आपल्या ग्रंथात त्याचे श्रेय उघडपणे नोंदवले आहे. सेवकाच्या परिश्रमावर मालकाने नाव मिळवणे सर्वमान्य असलेल्या त्या काळात हे सामान्य नव्हते. बर्नेन्सनंतर पत्नी आणि मुलगा पिएर त्यांचे डोळे झाले. पिएर ह्यूबर पुढे मुंग्यांच्या अभ्यासासाठी स्वतःच्या नावाने प्रसिद्धीस आले. क्रिस्तीन ज्युरीन या तरुण अभ्यासिकेने सूक्ष्म विच्छेदन करून कामकरी माशांमध्येही अविकसित अंडाशय असतात हे ह्यूबर यांच्यासाठी दाखवून दिले. अंडी घालणाऱ्या कामकरी माशीचे जे कोडे सोडवण्यासाठी बर्नेन्सने अकरा दिवस घालवले होते, त्याचे उत्तर असे पूर्ण झाले.

दरम्यान जिनिव्हाचे स्वातंत्र्य गेले, शहर १७९८ मध्ये फ्रान्सला जोडले गेले आणि नेपोलियनच्या पाडावानंतर स्वित्झर्लंडमध्ये आले. या उलथापालथीतही काम चालू राहिले. १८१४ मध्ये पिएरच्या साहाय्याने ग्रंथाची दोन खंडांतील वाढीव आवृत्ती निघाली. पत्नीच्या निधनानंतर ह्यूबर लोझान येथे कन्येकडे राहिले आणि २२ डिसेंबर १८३१ रोजी, ऐन हिवाळ्यात, वयाच्या ८१ व्या वर्षी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे चरित्र लिहिणारे वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल यांनी वनस्पतींच्या एका प्रजातीला ‘ह्यूबेरिया’ असे नाव दिले आहे.

वारसा

ह्यूबर यांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८०६ मध्येच निघाले होते. डार्विन यांनी माशांच्या घरबांधणीची चर्चा करताना त्याचा आधार घेतला. अमेरिकेतील धर्मोपदेशक लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ यांनी ह्यूबर यांचे पानांचे पोळे वापरून पाहिले आणि त्याच्या उणिवा हेरून १८५१-५२ मध्ये सुट्या चौकटींची पेटी सिद्ध केली. आज जगभर, आणि आपल्याकडेही, वापरात असलेल्या मधपेट्या त्याच तत्त्वावर बनतात. चौकट उचलून पाहता येऊ लागल्यावर शरदातच मधाचा साठा तपासणे, दुबळी वसाहत सशक्त वसाहतीत मिसळणे आणि उपाशी माशांना साखरेचा पाक देणे शक्य झाले. वजन पाहून गंधकाची धुरी देण्याची गरज उरली नाही.

तरीही हिवाळी हानी थांबलेली नाही, तिचे स्वरूप बदलले आहे. आज युरोप-अमेरिकेतील मधपाळांचा मोठा शत्रू आहे तो व्हॅरोआ नावाचा परजीवी कोळी. तो मूळचा पूर्व आशियातील, आपल्या सातेरीच्याच जातीच्या माशीवरचा. ती माशी त्याच्यासह जगायला शिकलेली आहे. विसाव्या शतकात तो युरोपीय माशीवर गेला आणि तिला मात्र तो घातक ठरला. हा कोळी शरदात वाढणाऱ्या अळ्यांचे पोषण हिरावतो आणि विषाणू पसरवतो. त्यामुळे ज्या माशांनी कित्येक महिने जगून हिवाळा पार करायचा, त्याच अल्पायुषी निपजतात. येथेही मृत्यू दिसतो हिवाळ्यात, त्याचे कारण मात्र आधीच्या ऋतूत घडून गेलेले असते.

गोवा, बेळगाव आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात बर्फाळ हिवाळा नाही. येथील माशांची परीक्षा पावसाळ्यात होते. सततच्या सरींत माशा बाहेर पडू शकत नाहीत, फुलोराही विरळ असतो आणि साठा आटतो. उन्हाळ्याच्या शेवटी पेटीतला सारा मध काढून घेणाऱ्याची सातेरी पावसाळ्यात पेटी सोडून जाते किंवा दुबळी होते. ऋतू वेगळा असला तरी हिशेब तोच आहे. बंद पोळ्यातही जीव जागे असतात आणि त्यांचे उद्याचे जगणे आज त्यांच्यासाठी किती ठेवले यावर अवलंबून असते. दृष्टी गेलेल्या एका माणसाने तापमापकाच्या साहाय्याने गोठलेल्या पोळ्यातील ऊब शोधली. त्यानंतर मेलेल्या वसाहतीचा सारा दोष थंडीवर टाकण्याची सोय मधपाळांना उरली नाही.